रात्रीचा दमा अंगावर काढायचा नाही



या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही अशा त्रासाबद्दल लिहीत आहोत, ज्याबद्दल वस्तीत कोणी फारसं बोलत नाही. कारण तो रात्री होतो आणि सकाळपर्यंत बराचसा ओसरलेला असतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकल्याची उबळ येऊन जाग येते. छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. बाई उठून उंबऱ्यावर बसते, गुडघ्यांवर हात टेकते आणि घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून तोंडाला पदर लावून खोकते. उजाडताना जरा बरं वाटलं की पाणी भरते, डबे करते आणि कामाला निघते. कोणी विचारलंच तर सांगते, "रात्री जरा दम लागला होता."

आम्ही रुग्णालयात अनेक रात्रपाळ्या केल्या आहेत. दम्याचे गंभीर रुग्ण पहाटेच्या वेळी रिक्षातून, कधी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मधे बसवून आणलेले आम्ही पाहिले आहेत. सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलायचा, "मॅडम, तसं तर रोजच होतं, आज जरा जास्त झालं." आम्हाला धडकी भरायची ती या 'रोजच' शब्दाने.

म्हणून सुरुवातीलाच आमचं म्हणणं सांगतो. दमा आहे म्हणजे रात्री जाग येणारच, असं मुळीच नाही. रात्री दम्याने जाग येणं ही दमा हाताबाहेर चालल्याची खूण आहे. त्यावर उपचार आहे आणि तो नीट घेतला तर बहुतेक माणसं रात्रभर झोपू शकतात. तरीही आपले लोक तो अंगावर काढतात. त्यामागे तीन कारणं आहेत: पंपाची भीती, दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत येण्याची सवय आणि वस्तीतली हवा. या तिन्हींबद्दल बोलल्याशिवाय नुसतं 'काळजी घ्या' म्हणण्यात अर्थ नाही.

रात्रीच का वाढतो?

दम्यात फुप्फुसांकडे जाणाऱ्या श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. सूज असली की त्या चटकन आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडायला त्रास होतो. म्हणून श्वास सोडताना घरघर ऐकू येते.

सूज ताब्यात ठेवणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक आपल्या शरीरातच तयार होतं. त्याचं प्रमाण मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यांत कमी असतं. निरोगी माणसाच्याही श्वासनळ्या पहाटे चारच्या आसपास थोड्या अरुंद होतात. निरोगी माणसाला ते कळत नाही, पण आधीच सुजलेल्या नळ्या असलेल्याला जाग येते. त्यात आडवं झाल्यावर नाकातला शेंबूड घशात उतरतो. उशिरा जेवून लगेच झोपलं तर पोटातलं आंबट वर येतं. पहाटेची गार हवा लागते. गोधडीत आणि उशीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले बारीक किडे असतात, त्यांचाही अनेकांना त्रास होतो. म्हणजे रात्रीचा दमा ना मनाचा खेळ आहे, ना कोणाची नजर लागलेली आहे. त्याची कारणं शरीरात आणि आजूबाजूला आहेत.

स्वतःला चार प्रश्न विचारा

गेल्या चार आठवड्यांचा विचार करा. दिवसा दम, खोकला, घरघर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाली का? दम्यामुळे एकदा तरी रात्री जाग आली का? आराम देणारा पंप किंवा गोळी आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागली का? दम्यामुळे जिना चढणं, पाणी आणणं, खेळणं, कामावर जाणं टाळावं लागलं का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दमा पूर्ण ताब्यात नाही. तीन-चार उत्तरं 'हो' असतील तर तो मुळीच ताब्यात नाही. ही उत्तरं कागदावर लिहून डॉक्टरकडे न्या. डॉक्टरला वेळ दोन मिनिटांचा असतो, तेव्हा कागद आपल्या बाजूने बोलतो.

मात्र रात्रीचा प्रत्येक दम हा दमा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीतून रक्त यातलं काही असेल तर टीबीची तपासणी आधी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. वयस्कर माणसाला आडवं झाल्यावर दम लागतो आणि पायांवर सूज आहे, तर हृदयाची तपासणी हवी. उलटंही घडतं. टीबी निघेल या धाकाने पोरीचा खोकला लग्न होईपर्यंत लपवला जातो आणि खरं तर तो साधा दमा असतो. लहान मुलांचा 'बाळदमा' आपोआप जाईल म्हणून वर्षानुवर्षं नुसती खोकल्याची बाटली पाजली जाते. लपवण्याने आजार जात नाही, उपचार तेवढे लांबतात.

पंपाची भीती

वस्तीत फिरताना आम्हाला सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "पंप नको, त्याची सवय लागते. पंप म्हणजे शेवटचं औषध." हे कुठे लिहिलंय, कोणी सिद्ध केलंय, असं विचारलं की उत्तर येतं, "सगळेच म्हणतात." सगळेच म्हणतात म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा, हे तथागतांनी कालामांना सांगितलं. आपण ते विहारात वाचतो. मग औषधाच्या बाबतीतही तपासू या.

पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल हे औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं औषध. गोळी पोटातून रक्तात जाते, सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, थोडं लागतं आणि काही मिनिटांत काम करतं. आता सांगा, जड औषध कोणतं?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पंप दोन प्रकारचे असतात. एक आराम देणारा, बहुधा निळा. तो आवळलेली नळी मोकळी करतो, पण सूज कमी करत नाही. दुसरा सूज उतरवणारा. त्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड अगदी थोड्या प्रमाणात असतं. तो बरं वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचा असतो आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. रात्रीची झोप परत मिळते ती या दुसऱ्या पंपाने. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या घरात फक्त निळा पंप किंवा गोळ्या असतात. दम्यासाठीची जागतिक तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून स्पष्ट सांगतात की मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं यांना फक्त आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. सूज वाढत राहते, निळा पंप जास्त जास्त लागतो आणि एका रात्री तोही पुरत नाही.

जागतिक आजारभाराच्या २०१९ च्या अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू भारतात होतात. आजार तोच, औषधही तेच. फरक पडतो तो औषध माणसापर्यंत पोहोचण्यात.

पंपाऐवजी काय चालतं? नाक्यावरच्या दवाखान्यात सुई मारून घेणं, की चार दिवस बरं. 'दम्याची खात्रीची पुडी', जिच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. अशा काही पुड्यांत जास्त प्रमाणात स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. ज्या स्टेरॉइडला घाबरून पंप टाळला, तेच कितीतरी पटीने पोटात जातं. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला आणि मृगाला हैदराबादला मासा गिळायला जाणारी माणसंही आपल्यात आहेत. त्यांना आम्ही हसणार नाही. ज्याला दवाखान्याने धड समजावून सांगितलं नाही, तो माणूस कुठेतरी जाणारच. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दम्यावर उतारे टाकले जातात तेव्हा वाईट वाटतं, एवढं नक्की सांगू.

पंप घ्यायची पद्धत चुकली तर औषध जिभेवरच राहतं. म्हणून स्पेसर वापरावा. विकत घेणं जमत नसेल तर अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटलीही चालते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर अभ्यास करून दाखवलं की अशा बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकंच काम करतो. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवायचा आणि फट चिकटपट्टीने बंद करायची. बाटलीचं तोंड ओठांत धरून श्वास घ्यायचा. एकदा नर्सला दाखवून खात्री करून घ्या. अगदी लहान बाळासाठी मात्र मास्क असलेला स्पेसरच लागतो. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंका, म्हणजे तोंड येत नाही. गरोदर बाईने पंप बंद करू नये. तिचा दम वाढला तर बाळालाही प्राणवायू कमी पडतो.

रात्री जोराचा त्रास झाला तर

हा भाग कापून दारामागे चिकटवून ठेवा.

१. रुग्णाला ताठ, थोडं पुढे झुकवून बसवा. झोपवू नका. गर्दी करू नका, दार उघडा.

२. निळा पंप हलवून स्पेसरला लावा. एक फवारा सोडा, चार श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार फवारे द्या.

३. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार फवारे द्या.

४. तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्या. वाटेतही फवारे देत राहा.

५. पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची जागा आत ओढली जाते, माणूस गुंगीत जातो, यातलं काहीही दिसलं तर मिनिटं मोजत बसू नका, लगेच निघा. आधी जोरात असलेली घरघर एकदम थांबली आणि माणूस मात्र थकलेला, घामाघूम आहे, तर तो बरा झाला असं समजू नका. हवा आत जाणंच कमी झालेलं असतं.

झोपेची गोळी देऊ नका. धूप-धुरी करू नका. "सकाळ होऊ दे, मग बघू" म्हणू नका. रात्रपाळीत आम्ही पाहिलेल्या बऱ्याच केसेस मध्यरात्रीच यायला हव्या होत्या.

दहा बाय बाराच्या खोलीत

पुस्तकात लिहितात, घर हवेशीर ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, एकच दार, भिंतीला ओल आणि बाहेर गटार. तिथे हे वाक्य वाचून राग येतो, आम्हालाही येतो. तरी जे हातात आहे ते करू. डासांची कॉइल रात्रभर बंद खोलीत जळते, त्याऐवजी मच्छरदाणी लावा. रात्रीची फोडणी आणि झोप यांत वेळ ठेवा. मिश्री घरात भाजू नका, आणि सोडता आली तर सोडाच. बिडी-सिगारेट दाराबाहेर, तीही लांब. दम्याच्या माणसाचं अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर घाला, गोधड्या आठवड्याला उन्हात टाका आणि उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुवा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि घरातल्या बाईला दमा असेल तर झाडू पुरुषाने हातात घ्यावा. समतेची सुरुवात तिथून केली तरी आमची हरकत नाही.

आपल्यातले कितीतरी जण झाडलोट, कचरा वेचणं, बांधकाम, सिमेंटच्या गोण्या अशा कामांवर आहेत. दिवसभर खाल्लेली धूळ रात्री छातीत बोलते. सुट्टीच्या दिवसांत दम कमी होतो का, हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरला सांगा. मास्क आणि हातमोजे मागणं म्हणजे मालकाकडे उपकार मागणं नव्हे.

सुरुवात विहारापासून

आता थोडं अवघड बोलतो. वंदनेच्या वेळी लहानशा बंद विहारात आपण अगरबत्तीचे जुडगे आणि मेणबत्त्यांच्या रांगा लावतो. मागच्या ओळीत बसलेली आजी पदर नाकाला लावते आणि पंचशील होण्याआधी बाहेर येऊन बसते. श्रद्धेबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण एक मेणबत्ती आणि फुलं यांनीही वंदना पूर्ण होते. अगरबत्ती लावायचीच तर दाराबाहेर लावा. आजारी भिक्खू घाणीत पडलेला दिसला तेव्हा तथागतांनी आनंदांसोबत त्याला स्वतः धुतलं, उचलून निजवलं आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितलं. त्या तथागतांच्या समोर बसायला दम्याच्या माणसाला त्रास होऊ नये, एवढंच आमचं मागणं आहे.

वर्षावासात आपण विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. तेच दिवस पावसाचे, ओलीचे आणि दमा वाढण्याचेही असतात. त्यातली एक संध्याकाळ वाचनानंतर पंपासाठी ठेवा. आशाताईला किंवा वस्तीतल्या नर्सला बोलवा, प्रत्येकाने आपला पंप आणावा, कसा घेतो ते दाखवावं आणि चुका दुरुस्त कराव्यात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी पंप पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा. प्रवासाचा शीण, थंडी, धूळ, उघड्यावर झोप, हे सगळं त्या दोन दिवसांत एकत्र येतं. आणि १४ एप्रिलला फटाक्यांचे पैसे वाचवून वस्तीसाठी दोन-चार स्पेसर घेतले, तर बाबासाहेबांची जयंती कमी साजरी झाली असं कोण म्हणेल?

औषध आणि हवा, दोन्ही हक्काचे

साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड, आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल यांचे पंप २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केले आहेत. तरी खिडकीवर उत्तर मिळतं, "पंप नाहीत, बाहेरून घ्या." आम्ही स्वतः एका ताईंसोबत अशा खिडकीवर तीनदा उभे राहिलो. दोनदा तोंडी 'नाही' ऐकून परत आलो. तिसऱ्यांदा अर्ज लिहून नेला आणि पोच मागितली. आठवड्याने पंप आले. म्हणून तोंडी 'नाही' घेऊन परत फिरू नका, लेखी मागा. एकटं जाऊ नका, चार जणी मिळून जा. तोवर जन औषधी केंद्रात स्वस्त मिळतात का ते विचारा. रात्री सरकारी रुग्णालयाने दाराशी आलेल्या गंभीर रुग्णाला परत पाठवणं हा कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सांगितलं आहे. हे वाक्य पाठ असू द्या.

आणि हवा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार डम्पिंगला आग लागली, धूर कित्येक दिवस राहिला. शहराच्या इतर भागांनी तेव्हा मास्क शोधले. डम्पिंगच्या कडेला राहणाऱ्यांसाठी धूर त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. डम्पिंग, भट्ट्या, कत्तलखाने, ट्रकचे रस्ते यांच्या कडेलाच आपल्या वस्त्या का असतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पूर्वी गावकुसाबाहेर ठेवलं, आज धुराच्या तोंडाशी ठेवलं आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये दिला. पण घंटागाडी आठवडाभर येत नसेल तर गल्लीतला कचरा जाळणाऱ्या म्हातारीला दंड करून काय साधणार? आधी घंटागाडी रोज आली पाहिजे, हे मागणं महिला मंडळाने आणि विहार समितीने वॉर्ड ऑफिसला लेखी द्यावं. दम्याच्या घरांची यादी त्याला जोडावी.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्याच्या हक्कासाठी पाऊल उचललं. पाणी सगळ्यांचं असेल तर हवाही सगळ्यांची आहे. हवेची लढाई लांब चालेल, पण आजची रात्र तोवर थांबणार नाही. म्हणून आज झोपण्याआधी घरातल्या खोकणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, "रात्री जाग येते का?" उत्तर 'हो' आलं, तर उद्या त्याला किंवा तिला दवाखान्यात न्या. सोबत जा.

जयभीम. नमो बुद्धाय.